हजेरीचा तोडा

सादलवाडीच्या जत्रेचा फोन आला तेव्हा सुभान कारखान्याच्या गेटवर कार्ड पंच करत होता.

"मामा, चैताची सुपारी मिळाली," पलीकडून नीलम म्हणाली. "ढोलकी काढा."

बस, एवढंच. सुभानने कार्ड गेटवरच्या टेबलावर ठेवलं आणि सुपरवायझरला सांगून टाकलं, की उद्यापासून आपण यायचे नाही. सुपरवायझर बिहारचा, मनाने भला माणूस. म्हणाला, "चाचा, छुट्टी चाहिए तो लो, नौकरी काहे छोड़ते हो?" आता त्याला काय सांगणार? तमाशा म्हणजे मोबाइलवर नाचणारी पोरगी, एवढंच ज्याला ठाऊक, त्याला ढोलकी काढणं म्हणजे काय हे समजावायला सुभानला अजून एक जन्म लागला असता. तो नुसता हसला आणि घरी जायला शिरूरच्या गाडीत बसला.

साखरबाई कासुर्डीकरांच्या फडात सुभानने चौतीस वर्षं ढोलकी वाजवली होती. त्याच्याआधी त्याचा बाप वाजवायचा, साखरबाईच्या आईच्या फडात. साखरबाई दर राखीला सुभानला राखी बांधायची, म्हणून तिची लेक नीलम त्याला मामा म्हणायची. नात्यागोत्यात कधी खोट नव्हती. मग करोना आला आणि ऐन चैत्रात फडाचे ट्रक कासुर्डीच्या माळावर उभे राहिले, ते राहिलेच. देव कुलपात, जत्रा कागदावर. एक चैत्र कोरडा गेला, दुसराही गेला. सोंगाड्याने भाजीची गाडी लावली, हलगीवाला गेणबा मेंढरं वळायला गेला, आणि ज्या गौतमीच्या एका गिरकीवर फेटे उडायचे ती यवतला ब्यूटी पार्लरमध्ये लोकांच्या भुवया कोरू लागली. कलावंताला हार घालायला गाव जमतं, त्याच्या तव्यावर भाकरी आहे का हे विचारायला कुत्रं येत नाही.

सुभान रांजणगावला खोकी बांधायला लागला. प्लास्टिकची पट्टी खोक्याभोवती आवळायची, दिवसाला सहाशे खोकी. संध्याकाळी बोटं मिटली की उघडायची नाहीत. तरी घरी आल्यावर तो आधी ढोलकीची खोळ काढून बघायचा, रविवारी तिला उन्हात ठेवायचा. त्याची बायको गुलशन मीठ घातलेलं कढत पाणी पुढे सरकवून म्हणायची, "पैले हाथां सेको. ढोलकी कां भागी जाती?"

"बोर्डावर, पब्लिकम्होरं बसलो की बोटं आपसूक सुटत्यात," सुभान म्हणायचा. त्याचा यावर खरोखर विश्वास होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती सुभानने गुलशनलाही सांगितली नव्हती.

टाळेबंदीच्या पहिल्याच श्रावणात, खोक्यांचं काम लागायच्या आधी, तो राखीला कासुर्डीला गेला होता. जेवणं झाल्यावर नीलम त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. भिंतींना गाद्या लावलेल्या, मधे खुर्ची, पुढे दोन माइक.

"मामा, मानसं पटापट चाललीत," ती म्हणाली. "उद्याचं कुणी बघितलंय? तुमचा हात जपून ठिवू द्या मला."

नीलम सहा महिन्यांची असताना सुभान तिला मांडीवर घेऊन ढोलकी वाजवायचा, त्याशिवाय पोर झोपत नसे. ती आता आपला हात जपून ठेवायचा म्हणतेय, हे ऐकून त्याने लगेच ढोलकी मांडीवर घेतली. तीन दिवस तो वाजवत होता. गण, गवळण, लावण्या, सगळं. गाणं नाही, पेटी नाही, नुसती कोरी ढोलकी. चार महिने समोर माणूस बसला नव्हता, म्हणून त्याने त्या दोन माइकांनाच पब्लिक मानलं आणि जीव ओतून वाजवलं.

तिसऱ्या दिवशी नीलम हळूच म्हणाली, "आन् आजोबांचा तोडा?"

सुभान थबकला. तो तोडा, म्हणजे ढोलकीच्या बोलांची ती खास गुंफण, त्याच्या बापाने बांधलेली. खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फड गावाच्या देवापुढे हजेरी द्यायला जातो, तिथेच तो वाजायचा, वर्षातून मोजक्या वेळा. खेळात नाही, तालमीत नाही. बापाने मरताना बजावलं होतं, "घर दे, जमीन दे, तोडा देऊ नगंस. त्यो हातात हाय तवर फडात जागा हाय." सुभानने तो कुठल्या शागिर्दालाही दिला नव्हता. पण भाची मागते आणि मामा नाही म्हणतो, असं कुठं असतं का? त्याने तोडा वाजवला. एकदा नाही, दोनदा, कारण पहिल्या वेळी बाहेर कुत्रं भुंकलं होतं.

तर असा हा सुभान, नोकरीवर लाथ मारून, महिनाभर कासुर्डीला तालमी करून, चैत्रातल्या भर दुपारी ढोलकी पाठीला लावून सादलवाडीत उतरला.

आणि काय ते पब्लिक! दोन वर्षांची भूक होती ती. घोडनदीच्या अल्याडपल्याडची गावं लोटली होती. इनामगावाकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आल्या होत्या, दौंडाकडची माणसं जीप करून आली होती. मास्क कुणाच्या हनुवटीला, कुणाच्या मनगटाला. जी माणसं दोन वर्षं एकमेकांच्या मयतीलाही गेली नव्हती, ती आता मांडीला मांडी लावून बसली होती. म्हातारे एकमेकांना बघून "आरं, हायेस का तू!" म्हणून मिठ्या मारत होते. रात्री दहाच्या आत उरकायचं म्हणून खेळ पाचलाच लागणार होता, पण चारलाच माळ भरला.

सगळ्यांत पुढे, बाजेवर, गावचे जुने शौकीन जयसिंग आबा बसले होते. वय ब्याऐंशी, नजर अधू, पण असा कान पंचक्रोशीत दुसरा नाही. एका वर्षी सुभानची नेहमीची ढोलकी फुटली म्हणून त्याने दुसरी आणली होती, तर आबांनी गण चालू असतानाच विचारलं होतं, "सुभान्या, आज ही कुणाची उचलून आणलीस?" फडातले लोक आबांना भिऊन असत. सुभानला मात्र तेच एक ऐकणारे वाटत. कारखान्यात खोकी आवळताना तो मनातल्या मनात आबांसाठीच वाजवायचा.

कनातीमागे मात्र सगळे आपापल्या कामात डोकं खुपसून होते. गेणबा नजर देईना. पेटीवाल्याने कानात वायर घातली होती. ढोलकीच्या पाया पडायचा कार्यक्रम घाईत आटोपला. साखरबाईने सुभानच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढे गेली. दोन वर्षांनी पब्लिकपुढे जायची धाकधूक असेल, असं सुभानला वाटलं. साध्या माणसाला सगळं जग साधंच दिसतं.

पडदा सरकला, गण सुरू झाला, आणि सुभानची बोटं खरोखर सुटली. कर्ण्यातून ढोलकी अशी खणखणीत येत होती, की तो स्वतःच चकित झाला. दोन वर्षांचा गंज एका दमात उतरला म्हणायचा! लय तेवढी जरा ताठ वाटत होती, कुणाच्या तरी हुकमावर चालल्यासारखी. पण पब्लिकच्या शिट्ट्यांपुढे त्याचं काय? सुभानचे डोळे भरून आले. खोकी, पट्ट्या, मिठाचं पाणी, सगळं फिटलं असं त्याला वाटलं.

मग गौतमी लावणीला उभी राहिली. नेहमीची लावणी अर्ध्यावर सोडून तिने मधेच कुठलंसं धांगडधिंग्याचं गाणं धरलं. सुभानला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तोही काही कालचा पोर नव्हता, लय पकडली. तेवढ्यात ढोलकीची दोरी सरकली आणि कातड्याचं पान ढिलं पडलं. दोरी आवळायला त्याने दोन्ही हात उचलले.

ढोलकी वाजतच राहिली.

सुभानला आधी कळलंच नाही. दुसरा ढोलकीवाला कुठे बसवलाय का, म्हणून त्याने मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याने हात तसेच वर धरले. ढोलकी वाजतेय. हलगी वाजवणारा गेणबा खाली मान घालून वाजवतोय. गौतमी नाचतेय. सुभानने आपल्या माइकच्या वायरीवरून नजर फिरवली, तर वायर स्टेजच्या कडेपर्यंत जाऊन तिथेच संपली होती. कुठंच जोडलेली नव्हती.

आणि मग त्या धांगडधिंग्याच्या मधोमध, गौतमीच्या कमरेच्या झटक्यावर, बापाचा तोडा पडला.

माळ पेटला. टोप्या उडाल्या, शिट्ट्यांनी कान बसले. बाजेवरून जयसिंग आबा उठून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून त्यांनी सुभानला नमस्कार केला. सुभानचे हात अजून हवेतच होते.

लावण्या आटोपून वगाची तयारी सुरू झाली तसा तो कनातीमागे आला. साखरबाई आरशापुढे होती, नीलम तिच्या मशीनपाशी. मशीन म्हणजे एक लॅपटॉप आणि बटणांची पेटी.

"नीलम," तो म्हणाला, "तू म्हनली व्हतीस, जपून ठिवते."

नीलमने ओठ चावला. "मामा, जपूनच ठिवलंय. वाया तर न्हाई घालवलं."

"आन् माझी वायर?"

ती मशीनकडे वळली. मग साखरबाईच बोलली. "सुभान, दोन वर्सांत पब्लिक बदाललं. समद्यांच्या हातात मोबाइल. त्यास्नी दनका पायजे, गानं बोट दाबलं की बदालाय पायजे. ट्रॅक लावल्याबिगर फड चालत न्हाई आता."

"मंग मला कशाला बशीवलं? बुजगावनं म्हून?"

"बोर्डावर ढोलकी दिसली पायजे. न्हाईतर गाव सुपारी देत न्हाई."

घ्या! खरं ते अगदी सरळ सांगून टाकलं बाईने. केसाने गळा कापायचा तर कापणाऱ्याने निदान खाली तरी बघावं. सुभानने गेणबाकडे पाहिलं. "गेणबा, तुला ठावं व्हतं?"

"समद्यांस्नी ठावं व्हतं, दादा," गेणबा रडवेला होऊन म्हणाला. "तालमीला तुला दुपारचं बोलवायचे, आन् आमाला सकाळचं. तोंड उघडाय व्हईना."

सगळ्यांना. भाजीवाल्या सोंगाड्याला, भुवया कोरणाऱ्या गौतमीला, सगळ्यांना. चौतीस वर्षं ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवला, त्या सगळ्यांनी मिळून त्याला तिथं बसवून ठेवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, दाखवणार कुणाला?

"आक्का," सुभान साखरबाईकडे वळून म्हणाला, "दोन वर्सांमागची ढोलकी आन् जित्या मानसाची ढोलकी, ह्यात फरक असतोय. पब्लिकला न्हाई कळला. आबांस्नी कळंल. सकाळी हजेरी हाय. देवाच्या दारात मशीन लागत न्हाई, गावचा दंडक हाय. मी वाजवतो. मंग आबांस्नी इचारू, कोंचं चांगलं. त्यास्नी आधी कुनी काय सांगायचं न्हाई. ते सकाळचं म्हनले, तर मशीन बंद आन् माझी वायर जोडायची."

"आन् रातचं म्हनले तर?" नीलमने विचारलं.

"तसं व्हायचं न्हाई," सुभान म्हणाला.

साखरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, का ते त्याला तेव्हा कळलं नाही. "बरं," ती म्हणाली.

सकाळी नऊला भैरोबाच्या देवळापुढे हजेरीला माणसं जमली. काल माळावर हजारोंनी होती, आज शंभरेक, पण कान असलेली. ना माइक, ना जनरेटर. सुभानने चहाच्या टपरीवरून कढत पाणी मागून घेतलं आणि पंधरा मिनिटं हात त्यात बुडवून बसला. टपरीवाल्याला वाटलं, मुसलमानाचा काही नेम असेल. त्याने बिचाऱ्याने दुसरं भांडं भरून दिलं.

साखरबाई स्वतः गायला उभी राहिली. तोंडाला रंग नाही, डोक्यावर पदर, वय बासष्ट. सुभानने देवाला नमस्कार केला, बापाची आठवण काढली आणि थाप दिली. वाजवायला लागल्यावर तो राग विसरला. कोवळ्या उन्हात ढोलकी तिच्या खऱ्या आवाजात बोलत होती, जवळ, माणसासारखी. म्हातारे माना डोलवत होते. आबा डोळे मिटून बसले होते. सुभानला वाटलं, जिंकलो.

मग तो तोड्यावर आला. पहिलं वळण नीट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला करंगळीशेजारचं बोट उचलायला हवं होतं, तिथं ते उचललं नाही. अर्धी मात्रा, त्याहूनही कमी. त्याने पंजा दाबून ती भरून काढली, पण चौथ्या वळणाला पुन्हा तेच झालं. सहाशे खोकी रोज, दीड वर्ष. बोट त्याचं राहिलंच नव्हतं.

आणि त्याच क्षणी साखरबाईने आपली ओळ जरा लवकर उचलली आणि त्या चुकलेल्या जागेवर आवाजाचं पांघरूण घातलं. अगदी अलगद, सराईतपणे. एवढ्या सफाईने ते पहिल्यांदाच करणाऱ्याला जमत नाही. सुभानला आठवलं, कासुर्डीच्या तालमीतही ती अशीच मधेच ओळ उचलायची. तेव्हा त्याला वाटायचं, आक्काचा दम कमी झालाय. म्हणजे तिला महिनाभर ठाऊक होतं. तिने पब्लिकचं नाव पुढे केलं, मोबाइलचं केलं, सगळ्या जगाचं केलं, पण त्याच्या बोटाचं नाव काढलं नाही. दया केली होती तिने त्याच्यावर. फसवणूक सोसता येते. ही दया सुभानला सोसवेना.

हजेरी संपली. रीतीप्रमाणे ढोलकीवाल्याला मानाचा नारळ द्यायला आबा काठी टेकत पुढे आले.

"आबा," सुभान म्हणाला. आता विचारू नये असं त्याला आतून वाटत होतं, पण शब्द दिला होता. "देवाच्या दारात हाय, खरं सांगा. कालची ढोलकी बरी का आजची?"

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घिऊ नगं, सुभान्या. आज हात जड व्हता. काल दमलास, व्हायचंच. पर काल!" म्हाताऱ्याचा आवाज कापला. "काल तोडा पडला आन् तुझा बाप डोळ्याम्होरं हुबा ऱ्हायला. आरं, करोनात माझा थोरला गेला, साधं तोंड बघाय मिळालं न्हाई. दोन वर्सं डोळ्याला पानी न्हवतं. काल तुझी ढोलकी ऐकली आन् घरी जाऊन पोटभर रडलो. ह्यो नारळ कालचा."

"आबा, कालची ढोलकी..." साखरबाई पुढे होऊन म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"आक्का, ऱ्हाऊ दे," सुभानने हात आडवा केला. फडाने त्याला फसवलं होतं, पण दोन वर्षांनी मोकळं होऊन रडलेल्या म्हाताऱ्याचं रडणं खोटं पाडायचं, एवढं पाप त्याच्याने झालं नसतं. त्याने वाकून दोन्ही हातांनी नारळ घेतला.

ट्रक भरायला लागला तेव्हा तो नीलमच्या मशीनपाशी गेला आणि नारळ बटणांच्या पेटीवर ठेवला.

"ज्यानं वाजवलं, त्याला," तो म्हणाला.

"मामा, चला ना," नीलम रडत होती. "तुमची जागा हाय ट्रकात."

"जागा तू घेतलीस की, बाय. दोनदा वाजवून घेतलीस," सुभान म्हणाला आणि ढोलकी पाठीला लावून फाट्याकडे चालू लागला. साखरबाईने त्याला हाक मारली नाही. मारली असती तर तो वळला असता का, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

शिरूरच्या एसटीत गर्दी होती, तीही जत्रेचीच. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता ढोलकीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"बाबा, सादलवाडीचे तुमीच न्हवं का? थांबा, थांबा." त्याने खिशातून मोबाइल काढला. "रातीपासनं समद्या ग्रुपवर फिरतंय. मी धा बारा येळा बघितलं आसंल. काय हात हाय राव!"

त्याने आवाज मोठा केला. गाडीतली माणसं वळून बघू लागली. पडद्यावर गौतमी नाचत होती, मागे गेणबा खाली मान घालून बसला होता, आणि त्याच्या शेजारी सुभान. बापाचा तोडा सुरू झाला. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं, स्वच्छ, एकही मात्रा न सांडता. मागच्या सीटवरच्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. चित्रात सुभानचे दोन्ही हात हवेत होते.

कंडक्टरने दहा-बारा वेळा बघितलं होतं. आता सगळ्या गाडीने बघितलं.

"तुमीच ना ह्ये?" कंडक्टरने विचारलं.

सुभानने मोबाइलमधल्या त्या वर धरलेल्या हातांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या आपल्या हातांकडे.

"व्हय," तो म्हणाला. "मीच हाय."